माळावरचे शिकारी

सिंह, चित्ता, तरस ही नावे घेतली की डोळ्यांपुढे सेरेंगेटी आणि मसाई मारा उभे राहतात. संभाजीनगरातूनही दिवाळीच्या सुटीत लोक केनिया-टांझानियाच्या सफरीला जातात. जरूर जावे. पण वैजापूर-कन्नडच्या वाटेवर दिसणारे कुसळी आणि पवन्याच्या गवताचे माळ, त्यात विखरून उभे असलेले हिवर आणि बाभळी, हाही सवानाच आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाकाठी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. मग कोरडे आठ महिने, चराई आणि वणवा. अशा जमिनीवर झाडे दाटत नाहीत आणि गवताला ऊन मिळते. आफ्रिकेत हेच घडते.

म्हणूनच तिथले आणि इथले शिकारी सख्खे नातलग निघतात. बिबट्या दोन्हीकडे एकच. रेटेल आणि स्याहगोशही दोन्हीकडचे. पट्टेरी तरस आपल्या डोंगरकपारीत राहते आणि केनियातही राहते. आफ्रिकेचे ठिपकेदार तरस मात्र वेगळे. त्याच्या मोठ्या टोळ्या असतात, टोळीवर माद्यांचे राज्य असते आणि बरेचसे अन्न ते स्वतः शिकार करून मिळवते. आपले तरस रात्री एकटेच निघते, मेलेल्या गुराची हाडे फोडून खाते आणि गावाची सफाई करून पहाटे कपारीत परतते. इतक्या निरुपद्रवी जनावराला अपशकुनी म्हणून दगड मारतात, याचे फार वाईट वाटते.

चित्त्याची गोष्ट महाराष्ट्रापुरती कोल्हापुरात संपते. तिथल्या संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळत आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले. 1947 च्या सुमारास छत्तीसगडातल्या कोरियाच्या राजाने तीन चित्ते मारले, आणि 1952 मध्ये चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. 17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियाचे आठ चित्ते कुनोत उतरले तेव्हा सारा देश टीव्हीसमोर बसला होता. त्या कौतुकातला थोडासा वाटा लांडग्याला मिळायला हवा होता. कारण माळावरचा आपला खरा राजा तोच, आणि तो अजून गेलेला नाही.

2022 च्या गणनेत भारतात सरासरी 3,682 वाघ असल्याचा अंदाज निघाला. लांडगे सुमारे 3,000, म्हणजे वाघाहूनही कमी. जगात लांडग्याचे जे वंश आज जिवंत आहेत, त्यांत भारतीय लांडगा फार प्राचीन असल्याचे जनुकीय अभ्यास सांगतात. 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याचे प्रथमच स्वतंत्र मूल्यमापन करून त्याला असुरक्षित ठरवले. कायद्याने त्याला वाघाइतकेच, पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पण वाघाला अभयारण्य असते, लांडग्याला गायरान. हिवाळ्यात ओढ्याच्या काठी, मुरमाच्या बिळात मादी विते. त्याच मुरमासाठी तिथे जेसीबी येतो. गावाबाहेरच्या उकिरड्यांवर पोसलेले कुत्रे डिस्टेंपरसारखे रोग आणतात, आणि कुत्र्यांशी संकर होऊन लांडग्याचा वंशच पातळ होण्याची भीती आहे.

हरणे आटली तशी लांडग्याची भिस्त शेळ्या-मेंढ्यांवर आली. तरी दख्खनच्या पठारावर तो टिकला, यात धनगरांचा वाटा मोठा आहे. वाड्यावर आला तर कुत्री सोडायची, आरोळ्या ठोकायच्या. पण नेलेले एखादे कोकरू त्याच्या वाट्याचे समजणारी माणसे अजून आहेत. सरकारी भरपाई आहे, मात्र तिला पंचनामा लागतो. लांडगा कोकरू उचलून नेतो, मागे कलेवर उरत नाही, आणि मेंढपाळ दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघालेला असतो. रागाच्या भरात विष घातले जाते ते इथेच. भरपाई फिरत्या वाड्यापर्यंत त्याच दिवशी पोचवणे हे लांडगा वाचवण्याचे पहिले काम आहे असे मला वाटते.

बिबट्याचे उलटे झाले. जायकवाडीच्या पाण्यावर गोदाकाठी ऊस उभा राहिला आणि त्याला बारा महिने आडोसा मिळाला. जुलै 2024 मध्ये तर तो थेट संभाजीनगर शहरात, उल्कानगरीतल्या सीसीटीव्हीत दिसला. मार्च 2021 मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कॅमेऱ्यात यवतमाळच्या टिपेश्वरचा वाघ टिपला गेला. या डोंगरांत कित्येक दशकांनी वाघ आला म्हणून पेपरांनी पहिल्या पानावर जागा दिली. माळावरच्या खोकडीला तेवढी जागा कधी मिळालेली नाही.

सरकारी नकाशात गवताळ जमीन पडीक म्हणून नोंदली जाते. मग तिथे चर खणले जातात, रोपे लावली जातात, आणि लावणाऱ्यांना मनापासून वाटते की आपण उजाड झालेले जंगल परत आणतो आहोत. हा समज खोटा आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी ओव्या, चरित्रे आणि कथांमधली झाडे तपासली. तेराव्या शतकापासूनच्या त्या साहित्यात बहुतेक झाडे माळाचीच निघाली, दाट जंगलाची जेमतेम. इंग्रजांनी जंगल तोडले म्हणून माळ झाला, ही समजूत तिथे टिकत नाही.

वैजापूरला लागूनच, येवला तालुक्यात ममदापूरचे काळवीट संवर्धन राखीव आहे. काळवीट एवढा वेगाने धावतो तो चित्त्यामुळे, असे अभ्यासक मानतात. चित्ता गेला, काळविटाचा वेग राहिला. ममदापूरला गवत राखले म्हणून काळवीट आहेत. संभाजीनगर जिल्ह्यातल्या गायरानांपैकी गवताचे कोणते आणि रोपे लावण्याजोगे कोणते, याची गाववार यादी पुढच्या पावसाळ्यातले खड्डे खणण्याआधी झाली पाहिजे. ती करताना त्या माळावर मेंढ्या चारणाऱ्यांना बरोबर घ्यावे, कारण लांडग्याची बिळे त्यांना ठाऊक असतात.