१८४८ ची क्रांती आणि आपण

क्रांती हा शब्द आपल्या सभा-संमेलनांतून नेहमी कानावर पडतो. परंतु क्रांती का होते, तिचे फळ कोणाच्या पदरी पडते आणि ते टिकते कशामुळे, याचा विचार फारसा होत नाही. त्यासाठी १८४८ साली युरोपात झालेल्या क्रांत्यांचा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे.

कारणे

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने समतेचा उद्घोष केला. पण १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव होताच जुनी राजघराणी पुन्हा गादीवर आली. १८३० मध्ये पॅरिसच्या जनतेने तीन दिवसांत दहाव्या चार्ल्सला पळवून लावले व लुई फिलिप राजा झाला. राजा बदलला, पण साडेतीन कोटींच्या देशात मताचा हक्क फक्त अडीच लाखांच्या आसपास श्रीमंतांनाच राहिला. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात तर शेतकरी जमीनदाराच्या वेठबिगारीत अडकलेला होता. त्यातच १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, १८४६ मध्ये धान्याचे पीक बुडाले. भाकरी महागली, रोजगार गेला. भूक आणि हक्कहीनता एकत्र आल्या आणि भडका उडाला.

परिणाम

२४ फेब्रुवारी १८४८ रोजी लुई फिलिपने गादी सोडली. १३ मार्चला व्हिएन्नात मेटर्निकला राजीनामा द्यावा लागला. बर्लिन, मिलान, बुडापेस्ट येथेही लोक उठले. फ्रान्समध्ये प्रजासत्ताक येऊन सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला. स्त्रियांना मात्र त्यासाठी १९४४ पर्यंत थांबावे लागले.

पण जूनमध्ये सरकारने बेकारांना काम देणाऱ्या राष्ट्रीय कार्यशाळा बंद करण्याचे ठरविले. कामगार रस्त्यावर आले आणि सैन्याने हजारोंना ठार केले. फेब्रुवारीत कामगारांच्या खांद्याला खांदा लावून लढलेला मध्यमवर्ग जूनमध्ये त्यांच्या विरोधात उभा राहिला. त्याच वर्षी मतदारांनी लुई नेपोलियनला अध्यक्ष निवडले. १८५१ मध्ये त्याने सत्ता बळकावली व १८५२ मध्ये तो सम्राट झाला. हंगेरीचा उठाव १८४९ मध्ये रशियन फौजेच्या मदतीने चिरडला गेला.

मग हाती काय राहिले? फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी एप्रिल १८४८ मध्ये रद्द झाली. ऑस्ट्रियातील वेठबिगारी सप्टेंबरमध्ये संपली. मुकुट परत आले, पण हे गुलाम आणि हे शेतकरी पुन्हा बांधले गेले नाहीत. माणसामाणसातील नाते जिथे बदलले, तिथेच क्रांती टिकली.

आपल्याकडील क्रांती

याच १८४८ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले व सावित्रीमाई यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. तिथे बंदूक नव्हती, पाटी होती. युरोपने जिला मतापासून दूर ठेवले, त्या स्त्रीपासूनच जोतीरावांनी आरंभ केला. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला.

पुढे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. चवदार तळ्याचा लढा केवळ पाण्यासाठी नसून समतेच्या पायावर समाज उभारण्यासाठी आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला की, राजकारणात समता आणि समाजात विषमता ही विसंगती दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल. पॅरिसमध्ये १८४८ साली तेच घडले होते. मत मिळाले, पण बंधुता नव्हती. म्हणूनच १९५४ मध्ये आकाशवाणीवरून बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर तथागत बुद्धांकडून घेतली आहेत. धम्मात बंधुता ही मैत्री आहे. ती कायद्याने लादता येत नाही, आचरणातूनच येते.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला हा मार्ग नवा नाही. १९२५ मध्येच बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. मोडनिंबसारख्या गावात आज क्रांती म्हणजे एकही मुलगी शाळा अर्ध्यावर न सोडणे, विहारात अभ्यासाचा दिवा रोज लागणे, आणि मत देताना दारूला व पैशाला न भुलणे. मिळालेले हक्क राखायचे तर शिकलेली व संघटित माणसे लागतात, हाच १८४८ चा धडा आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!