रानातल्या संसाराचा पुरावा

शहर सोडून रानात संसार थाटणाऱ्यांचं हल्ली फार कौतुक होतं. मातीचं घर, सौरदिवे, शाळेबाहेर वाढणारी मुलं. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, शाहूवाडी-गगनबावड्यापासून राधानगरी, भुदरगड, चंदगडापर्यंतच्या माथ्यांवर गवळी धनगरांनी असा संसार पिढ्यान्‌पिढ्या केला. त्यांचं कौतुक राहो, सरकारी कागदावर त्यांची धड नोंदही झाली नाही. नव्या रानवासी कुटुंबाच्या हाती निदान आधी सातबारा असतो.

धनगरवाडा म्हणजे मोजकी घरं. कारवीचे कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर गवताचं छप्पर, आणि गुरं माणसांच्या शेजारीच. उतारावर नाचणी-वरी. खालच्या खोऱ्यात कुणबी भात पिकवी, वर धनगर म्हशी राखी. दोघं एकाच रानावर जगत, पण एकमेकांच्या वाट्याला जात नसत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास करताना ही वाटणी बारकाईने टिपली आहे. दूध खाली पोचेपर्यंत नासायचं, म्हणून लोणी-तूप करून ते उतरवायचं आणि धान्य-मीठ घेऊन चढायचं. जगापासून तुटलेला म्हणतात तो हा वाडा असा बाजाराला घट्ट बांधलेला होता.

पोर चालायला लागलं की रेडकांमागे जाई. कुठल्या सड्यावर गवत आधी वाळतं, गवा कुठून उतरतो, हे त्याला सांगावं लागत नसे. पण या शिकण्याचे फार गोडवे गाऊ नयेत. गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्या पावसात अडलेल्या बाईला डोलीत घालून डोंगर उतरवणाऱ्यांना निसर्गाच्या सान्निध्याबद्दल विचारून पाहावं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा देशात ते पाऊल मोठंच होतं. चार घरांच्या वाड्यापर्यंत शाळा चढायला मात्र फार काळ गेला. राज्यात वस्तीशाळा निघाल्या त्या २००० च्या सुमारास.

सरकार वर चढलं ते आधी रानासाठी. कुमरीची, म्हणजे रान तोडून-जाळून करायची फिरती शेती इंग्रजी अमदानीतच वनखात्याच्या डोळ्यांत खुपू लागली होती. संस्थानच्या शिकारीचं दाजीपूरचं रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून ते ३५१ चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. उत्तरेला चांदोली-कोयनेचा व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. रान वाचलं हे चांगलंच झालं. मी त्याच्या विरुद्ध नाही. पण म्हशी चारायची जागा आक्रसत गेली, आणि तरणी मुलं कामासाठी मुंबईची वाट धरू लागली.

मग २००६ चा वन हक्क कायदा आला. रानात राहणाऱ्यांवर झालेला ऐतिहासिक अन्याय दूर करायचा, असं त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे. अनुसूचित जमातींच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. धनगर महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या ‘क’ गटात, म्हणून त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरवलं जातं, आणि त्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा. हिशेब साधारण १९३० पर्यंत मागे जातो. ज्यांच्या आयुष्यात शाळेचा दाखला नव्हता, जन्माची नोंद नव्हती, त्यांच्याकडे पणजोबाचा कागद कुठून येणार?

नियम तसे उदार आहेत. दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब चालतात, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानंही चालतात, निदान दोन पुरावे हवेत इतकंच. कचेरीत मात्र वजन शिक्क्याच्या कागदालाच जास्त असतं. शिवाय १९३० स्वतः आठवणारं माणूस आता जवळजवळ उरलेलं नाही. आजीकडून ऐकलेलं सांगणारे आहेत, तेही साठी-सत्तरीतले, आणि त्यांतले बरेच आता मुलांकडे शहरात राहतात.