कंपनीच्या संकेतस्थळावरील स्तंभरचना आणि मराठी पद

मजकूर किती स्तंभांत विभागावा, हा प्रश्न मराठीला नवा नाही. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पणा’त १८३२ साली मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई; तेथे दोन स्तंभांना भाषिक प्रयोजन होते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर मात्र स्तंभांची संख्या बहुधा इंग्रजी मजकूर समोर ठेवून ठरविली जाते व मराठी अनुवाद त्या तयार साच्यात मागाहून बसविला जातो. अडचण उद्भवते ती येथे.

‘फॉर शेअरहोल्डर्स’ हे इंग्रजीत दोन शब्द आहेत. त्यांच्यामध्ये ओळ तुटू शकते. ‘भागधारकांसाठी’ हे एकच पद होय. सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यय यांच्यात मोकळी जागा नसते, आणि संगणक सामान्यतः मोकळ्या जागेपाशीच ओळ तोडतो. परिणामी अरुंद स्तंभात सबंध पद खालच्या ओळीत जाते. दोन्ही कडा सरळ राखण्याचा हट्ट धरल्यास उरलेल्या शब्दांमध्ये विवरे पडतात, ती वेगळीच.

मोजमापाचाही घोटाळा आहे. वेब सुलभतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च स्तरावर ओळीची मर्यादा ८० वर्णचिन्हे ठेवतात. परंतु ‘विद्यापीठ’ हा शब्द युनिकोडच्या हिशेबाने ९ चिन्हांचा, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने ४ अक्षरांचा आहे. तेव्हा ८० नेमके कशाचे मोजावयाचे, हे आधी ठरवावे लागते.

अध्यक्षांच्या निवेदनासारखे सलग गद्य एका स्तंभात असावे, याविषयी फारसा वाद संभवत नाही. मुख्यपृष्ठावरील त्रोटक शीर्षकांना तीन स्तंभही चालतात. खरा धोका दोन स्तंभांच्या पृष्ठात आहे. कर्जयोजनेच्या पृष्ठावर डावीकडे लाभ व त्याखाली ‘अर्ज करा’ हे बटण, उजवीकडे शुल्क व अटी, अशी मांडणी मोठ्या पडद्यावर निर्दोष भासते. भ्रमणध्वनीवर हे स्तंभ सामान्यतः मूळ मजकुराच्या क्रमाने एकाखाली एक येतात. वाचक आधी बटणापाशी पोहोचतो, अटी त्यानंतर. ही केवळ सौंदर्यदृष्टीची बाब नव्हे. शुल्काचा परिच्छेद बटणाच्या आधी, त्याच स्तंभात घेतल्यास दोष टळतो.

३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा सरकविल्याविना वाचता यावा, अशी अपेक्षा २०१८ सालच्या तत्त्वांत आहे. व्याजदराचे कोष्टक तिला अपवाद ठरते. त्याचे स्तंभ मोडले तर कोणता दर कोणत्या मुदतीचा, हेच कळेनासे होते.