टोमॅटो : कॅल्शिअमचा निरोप आणि पेशीतील ऊर्जा

टोमॅटोचे बूड काळे पडले की कॅल्शिअमची आठवण होते. पेशीभित्तिका मजबूत करणे हे कॅल्शिअमचे एक काम. दुसरे काम पेशीत निरोप पोहोचवण्याचे.

पेशीद्रवात मुक्त कॅल्शिअम पेशीबाहेरच्या तुलनेत हजार पटींहून कमी असते. उष्णता, थंडी, क्षार किंवा रोगाचा ताण आला की ते थोडा वेळ वाढते. कॅल्मोड्युलिन हे प्रथिन ते पकडते. त्याचा एक रेणू कॅल्शिअमचे ४ आयन धरतो, त्याने आकार बदलतो आणि निरोप पुढे जातो. ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियात, कॅल्शिअमच्या प्रवेशावर ‘मिक्यू’ हे दुसरे प्रथिन पहारा ठेवते. तिथे कॅल्शिअम बेसुमार साठले तर ऊर्जानिर्मिती बिघडते, पेशी मरूही शकते.

म्हणजे पेशी कॅल्शिअम मोजूनमापून वापरते; जादा फवारणीने जादा ऊर्जा मिळत नाही. कॅल्शिअम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढते, जुन्या पानांतून फळाकडे फारसे जात नाही. म्हणून फळधारणेपासून पाण्यात खंड पडू देऊ नये. अमोनिअमयुक्त नत्राचा अतिरेक टाळावा. गरजेनुसार कॅल्शिअम नायट्रेट द्यावे. ते फॉस्फेट किंवा सल्फेटयुक्त खतांसोबत एकाच टाकीत मिसळू नये. काळे पडलेले फळ सुधारत नाही; हे उपाय पुढच्या फळांसाठी आहेत.