बाळाला विमानानं न्यायचंय? आधी जन्मदाखला काढा!

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत अजून टिकून आहे. फरक एवढाच, की पूर्वी लेक बाळाला घेऊन एस.टी.नं सासरी जायची. आता जावई हैदराबाद-बेंगळुरूला नोकरीला असतो आणि लेक उजळाईवाडीहून विमानानं जाते. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1939 साली सुरू झालेल्या या विमानतळाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन मार्च 2024 मध्ये झालं. पण तिथल्या तपासणीची घरातल्या आजीला अजून धास्ती वाटते. ‘बाळाला मशीनमध्ये घालतात का हो?’ असं विचारणारेही भेटतात.

घालत नाहीत. मशीनच्या पट्ट्यावर जातात त्या पिशव्या आणि घडी घातलेली बाबागाडी. बाळ आईच्या कडेवरूनच चौकटीतून जातं. झोळीत किंवा पट्ट्यात बांधलं असेल तर तेवढं मोकळं करावं लागतं. बायकांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करतात. हुपरीचे चांदीचे वाळे वाजले तर घाबरू नका. हातातलं यंत्र फिरवून बघतात आणि सोडतात.

हातातल्या पिशवीतल्या पातळ पदार्थांच्या बाटल्यांची तपासणी होते. मात्र बाळाचं दूध आणि पेज प्रवासापुरती नेता येते. ती वर ठेवा आणि न विचारता दाखवा. मालिशच्या तेलाची मोठी बाटली हातात ठेवू नका. धुरीसाठीची काडेपेटी आणि बाळंतिणीला दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घरीच राहू द्या. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते पेट घेतं, म्हणून मनाई आहे.

आता खरी अडचण ऐका. दोन वर्षांच्या आतलं बाळ आईच्या मांडीवर बसून जातं, त्याला वेगळी जागा नसते. पण त्याचं वय दाखवायला कागद लागतो आणि त्यासाठी जन्मदाखला सगळ्यात सोयीचा. तपासणीच्या रांगेत पोचायच्या आधीच, विमान कंपनीच्या खिडकीवर तो मागतात. तिकीट हातात, बाळ कडेवर आणि दाखला अजून काढायचाच, अशी वेळ आली तर काय करणार?

म्हणून कायदा नीट समजून घ्या. जिथं जन्म, तिथंच नोंद. शहरातल्या दवाखान्यात जन्म झाला तर नोंद महापालिकेत किंवा नगरपालिकेत. गावात झाला तर ग्रामपंचायतीत. मुदत 21 दिवस, आणि त्या मुदतीत पैसे लागत नाहीत. पुढे विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. बारसं लांबलं म्हणून नोंद अडवू नका; नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं.

ग्रामपंचायतीतल्या भाऊसाहेबांनाही एक विनंती. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. ‘उद्या या’ म्हटलं की बाळंतिणीच्या घरचा एक हेलपाटा वाढतो. दाखल्यावर आईचं नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहा. एका अक्षराची चूक पुढं दहा ठिकाणी नडते.

तेव्हा मंडळी, तिकिटाच्या आधी दाखला! तो हातात असला, की तपासणी पाच मिनिटांचं काम आहे.