एका पावाची तीन घराणी

‘देवा, मला एकदा पाव आणि निदान पाव डझन पाव तरी मिळू दे.’ भुकेल्या भक्ताचं हे गाऱ्हाणं ऐकून कुणाही मराठी माणसाचा गोंधळ होत नाही. पाव तीनदा आला, तिन्ही वेळा वेगळ्या अर्थाने आला, आणि आपण न अडखळता तो समजून घेतला. नवल पुढेच आहे. हे तिन्ही पाव एकमेकांचे कुणीच लागत नाहीत.

देवाला घातलेली साद सर्वांत सोपी. संस्कृतातला ‘प्राप्’ प्राकृतातून येताना झिजला. जोडाक्षरातला र गळाला आणि दोन स्वरांच्या मधल्या प चा व झाला. ‘ताप’चा ‘ताव’, ‘दीप’चा ‘दिवा’, ‘नापित’चा ‘न्हावी’ याच वाटेने झाला. ‘पावणे’ ज्ञानेश्वरीत, म्हणजे 1290 च्या मराठीत, जागोजाग भेटतं. गणपती नवसाला पावतो, माणूस निधन पावतो, आणि पैसे पोचले की दुकानदार पावती फाडतो. देवाचं पावणं आणि दुकानाची पावती एकाच धातूची आहेत.

पाव डझनातला पाव मात्र पायाचा. संस्कृत ‘पाद’ म्हणजे पाय. गाईगुरांना पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. इतका साधा हिशेब! श्लोकाच्या चौथ्या भागालाही त्यामुळेच पाद किंवा चरण म्हणतात. ‘सपाद’, म्हणजे पावासकट, झिजून सव्वा झालं. ‘पादोन’, म्हणजे पाव कमी, झिजून पाऊण झालं. चार आण्यांची पावली यातलीच, आणि जुन्या शाळांत निमकी, दीडकीच्या जोडीने घोकून घेत ती पावकीही. 25 पैशांचं नाणं 2011 साली चलनातून बाद झालं, पण पावशेर मात्र शेर जाऊनही बोलण्यात टिकून आहे. या पादाचे नातेवाईक दूरवर पसरलेत. पायजम्यातला फारसी ‘पाय’ आणि सायकलच्या पेडलमागचा लॅटिन शब्द, दोघेही त्याचे सख्खे.

आता खायचा पाव. लादीचा चौथा तुकडा म्हणून तो पाव, असं पुष्कळजण ठामपणे सांगतात. कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, असंही ऐकू येतं. दोन्ही कथा रंगतदार आहेत, आणि दोन्ही खोट्या. हा शब्द जहाजातून आला. 1510 मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकला आणि पोर्तुगीज तिथे ठाण मांडून बसले. भात खाणाऱ्या मुलखात त्यांना रोज भाकरी नव्हे, आपल्या सवयीची फुगलेली गव्हाची रोटी हवी होती. पीठ फुगवायला यीस्ट नव्हतं, तेव्हा माडाची ताडी, म्हणजे गोव्याची सूर, कामी आली. त्या रोटीला पोर्तुगीजांचा शब्द होता ‘पाँव’च्या जवळपास जाणारा, शेवट नाकात म्हटलेला, आणि तो लॅटिन ‘पानिस’वरून आलेला. सकाळी सायकलला बांबूची टोपली लावून भोंगा वाजवत येणारा गोव्याचा पोदेरही मूळ पोर्तुगीज ‘पादेइरो’, आणि त्याचंही मूळ ‘पानिस’च. म्हणजे पोदेर आणि पाव यांचं नातं निव्वळ धंद्याचं नाही, रक्ताचं आहे.

मराठीने त्या शब्दाचा नाकातला स्वर सोडून दिला. पूर्वेकडे दुसऱ्या टोकाला नेमकं उलटं झालं. 1543 मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांचा शब्द जपानी तोंडात बसला तो ‘पान’ होऊन. तिथे अनुनासिकाचा सरळ न झाला. आजही टोकियोत गोड लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण भरलेला ‘आनपान’ मिळतो. मराठी कानाला त्यात विड्याचं पान ऐकू येतं, किंवा वाढलेलं जेवणाचं पान. बंगाल्यांनी हाच शब्द घेऊन त्याच्या मागे आपली रोटी जोडली, ‘पाउरुटी’. म्हणजे मुळात रोटी-रोटी! मुंबईच्या हॉटेलांत हल्ली मिळणारा चिनी ‘बाओ’ मात्र या कुळातला नाही. दिसायला लुसलुशीत, उच्चारायला जवळचा, तरी त्या शब्दाचा अर्थ गुंडाळणं असा आहे. सारखेपणा निव्वळ योगायोगाचा.

म्हणून व्युत्पत्ती शोधताना कानावर फारसा विश्वास ठेवू नये. घरातले तीन पाव परके निघतात, आणि ज्यांच्यात काडीचंही साम्य दिसत नाही ते भाऊ निघतात. ‘कंपनी’ घ्या. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कोम्पानिओ’ म्हणजे ज्याच्या सोबत बसून आपण भाकर खातो तो. ‘कोम’ म्हणजे सोबत, आणि पुढे तोच ‘पानिस’. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. 1600 साली लंडनच्या व्यापाऱ्यांनी सनद मिळवली ती एका कंपनीची, आणि पुढे आपल्याकडे लोक तिला ‘कंपनी सरकार’ म्हणू लागले. तिने किती जणांची भाकर काढून घेतली हा हिशेब वेगळा. रेल्वेच्या पँट्री कारमधली ‘पँट्री’ही याच घराण्यातली, मुळात ती रोट्या ठेवायची खोली.

मूळ अर्थ अगदी नकळत पाळला तो मराठी नाटक कंपन्यांनी. नटमंडळी गावोगाव एका बिऱ्हाडात उतरत, रोजची पंगत एकत्र बसे, आणि राजाचं काम करणारा आणि पडदा ओढणारा दोघेही त्याच स्वयंपाकघरातलं जेवत. लॅटिन त्यांना येत नव्हतं, तरी कोम्पानिओ म्हणायला त्यांच्याइतके लायक थोडेच!