कोंबड्यांना मर लागते तेव्हा

काल हिंडणारी कोंबडी आज पंख पाडून कोपऱ्यात बसते, हिरवट पातळ हगते, चोच उघडून श्वास घेते. पुढे मान पिळवटते. ही मानमोडी, म्हणजे रानीखेत. 1920च्या दशकात कुमाऊँमधल्या रानीखेतला आढळल्यामुळे हे नाव पडलं. विषाणूचा आजार, त्यामुळे औषध नाही. हळद, लसूण, माणसांच्या गोळ्या यांत वेळ घालवू नका.

आजारी पक्षी लगेच वेगळा ठेवा. त्याचं दाणापाणी सगळ्यांत शेवटी करा आणि हातपाय धुऊनच बाहेर या. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका; खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. एकदम बरीच मर झाली तर हात न लावता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लूची शंका असेल तर तपासणीची सोय तिथूनच होते. 2006 साली नवापूरला हेच संकट आलं होतं. आणि उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात विकणं हा मला शेजाऱ्यावर अन्यायच वाटतो. आजार तसाच गावोगाव जातो.

नावानं हाक मारली की धावत येणारी कोंबडी गेल्यावर घरातली आजी दोन दिवस जेवत नाही, हे मी पाहिलंय. तिला ‘कोंबडीच तर होती’ म्हणू नका.

मर थांबल्यावर खुराडं धुऊन, चुना मारून, काही आठवडे रिकामं ठेवा. नव्या पिलांना रानीखेतच्या लसी द्या: पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन. लस बर्फातच आणा. एका कुपीत शंभर पिलांचं काम होतं, तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी पिलांना लस द्या.